‘चूक कोणाची?’ याच्या आधीचा प्रश्न

आडवाट:

दुचाकीचा अपघात झाला की जमलेल्या गर्दीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, चूक कोणाची? मी तो दोनदा ऐकला आहे. दोन्ही वेळा रस्त्यावर पडलेला माणूस तेव्हा जिवंत होता. दोघंही वाचले नाहीत.

पहिला अपघात सरळ रस्त्यावर, लख्ख उजेडात झाला. मी त्या दुचाकीच्या मागे बराच वेळ होतो. तो वेडंवाकडं चालवत नव्हता, माझ्याच वेगाने चालला होता. समोरून आलेली मोटार फाट्याकडे वळायला निघाली आणि त्याच्या पुढ्यात आडवी झाली. त्याने ब्रेक दाबला, मागचं चाक फरफटत बाजूला गेलं, आणि तो मोटारीवर आदळून पलीकडे फेकला गेला. हेल्मेट होतं, पण हनुवटीखालचा पट्टा लावलेला नव्हता. तो जमिनीवर पडायच्या आधीच ते डोक्यावरून निघून गेलं होतं. मोटारचालक थरथरत एकच वाक्य परत परत म्हणत होता, “मला दिसलाच नाही हो.” लोक म्हणत होते, खोटं बोलतोय.

दुसरा चौकातला. डावीकडे वळायच्या बेतात असलेला एक लांब ट्रेलर सिग्नलला उभा होता. ट्रेलर आणि रस्त्याकडेचा कठडा यांच्यामधल्या जागेतून एक तरुण दुचाकी पुढे काढत होता. जॅकेट, हातमोजे, पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, पट्टासुद्धा लावलेला. सिग्नल सुटला, ट्रेलर वळू लागला आणि त्याची मागची चाकं आत येत गेली. पुढचं लिहीत नाही.

पहिल्याबद्दल लोकांचं मत झालं, पट्टा लावला नाही म्हणून मेला. दुसऱ्याबद्दल, कशाला घुसायचं होतं? आणि दोघांबद्दल एक मत सामाईक होतं, ‘वेगात असणार’. पहिला वेगात नव्हता हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसरा तर जवळजवळ पायांनी ढकलत पुढे जात होता.

त्यानंतर मी या विषयावर वाचत सुटलो. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० दुचाकी अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता, त्याचा अहवाल १९८१ साली आला. जवळपास तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी टक्कर होऊन झालेले, आणि त्यांतल्या साधारण दोन तृतीयांश टकरींत दुसऱ्या वाहनाने दुचाकीच्या हक्काच्या वाटेत येऊन तिला अडवलेलं. त्यातही सगळ्यांत जास्त वेळा आढळलेला प्रकार मी पाहिला तोच, समोरून येऊन आडवं वळणारी मोटार. अपघाताच्या आधीचा मध्यक वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास होता. स्वाराच्या हातात असलेला वेळ दोन सेकंदांहून कमी.

मला इथे कोणालाही निर्दोष ठरवायचं नाही. पण चूक कोणाची हे ठरलं की गर्दी पांगते आणि रस्ता होता तसाच राहतो. मला त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचा आहे. चूक झाली, ठीक. ती झाल्यावरही हा माणूस जिवंत कसा राहिला असता?

ज्यांनी असे अपघात पाहिले आहेत, ज्यांना या कामाची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

निशिगंध:

मी अपघात विभागात परिचारिका आहे, त्यामुळे रस्त्यावर घडतं त्याचा पुढचा भाग माझ्यासमोर येतो.

पट्ट्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. पट्टा न लावलेलं हेल्मेट ही नुसती टोपी. पहिल्या धक्क्याला ते जातं, आणि डोकं जमिनीवर आपटतं ते बहुतेकदा दुसऱ्या धक्क्याला. हेल्मेटच्या आत जो कडक फोमचा थर असतो, तोच चेपून धक्का शोषतो. एकदा चेपला की परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी ते बाद समजायचं. अर्धं हेल्मेट हनुवटी आणि जबडा उघडाच ठेवतं, आणि तोंडावर पडलेला माणूस आम्ही नेहमी बघतो.

दुसरी गोष्ट नातेवाईक हमखास सांगतात ती. “अहो, उठून बसला होता, बोलत होता, आणि मग अचानक...” हे खरं असतं. कवटी आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागतं, तेव्हा मधल्या काही वेळात माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो. मग डोकं दुखायला लागतं, उलटी होते, गुंगी येते. डोक्याला मार लागलेला माणूस ‘मी ठीक आहे, घरी जातो’ म्हणाला तरी त्याला एकटा सोडू नका, तपासणीला घेऊनच या. हा रक्तस्राव वेळेत सापडला तर माणूस वाचतो.

आणि शांत पडलेल्याकडे आधी बघा. ओरडणाऱ्याचा निदान श्वास चालू असतो.

लांबपल्ला:

मी ट्रेलर चालवतो. दुसरा अपघात वाचून माझे हात गार पडले, कारण प्रत्येक डाव्या वळणाला मला हीच भीती असते.

केबिनमधून काय दिसतं ते सांगतो. डाव्या बाजूला दारालगत खाली जे असतं ते दिसत नाही. पुढच्या काचेखाली अगदी चिकटून कोणी उभा असेल तोही दिसत नाही. आरशात मागची कड दिसते, पण वळायला सुरुवात केली की केबिन एका दिशेला जातं आणि मागचा सांगाडा वेगळ्या कोनात येतो. मग त्या आरशात ट्रेलरचाच पत्रा दिसतो. मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेतून जात नाहीत, आतून कापून जातात. गाडी जितकी लांब तितकी जास्त आत. त्यासाठी आम्ही वळायच्या आधी थोडं उजवीकडे दाबून घेतो. मागच्या दुचाकीवाल्याला वाटतं, डावीकडे जागा झाली, चला. ती जागा दोन-तीन सेकंदांत मिटणार असते.

माझी हात जोडून विनंती आहे. मोठ्या गाडीचा आरसा बघा. आरशात तुम्हाला माझा चेहरा दिसत नसेल तर मलाही तुम्ही दिसत नाही. मागे थांबा, किंवा इतके पुढे जाऊन थांबा की मला पाठ दिसेल. मधे थांबू नका.

आमच्यातही कमी नाहीत. क्लीनर नसताना न बघता वळणारे आहेत, झोप अपुरी घेऊन चालवणारे आहेत. पण त्या चालकाला तो मुलगा दिसला असता तर त्याने वळवली असती का, हाही विचार करा. तो माणूसही त्या रात्री झोपला नसेल.

चाकोरी:

रस्तेबांधणीत काम करतो. आडवाट, तुम्ही जो प्रश्न विचारला आहे तोच प्रश्न स्वीडनच्या संसदेने १९९७ साली धोरण म्हणून मान्य केला. ‘व्हिजन झीरो’ या नावाने ते ओळखलं जातं. त्याचं सार असं की माणूस चुकणारच हे गृहीत धरायचं, आणि त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये असा रस्ता बांधायचा.

हे दुचाकीला लागू करताना एक अडचण येते. रस्त्याचे बहुतेक नियम मोटार डोळ्यांसमोर ठेवून झाले आहेत. रस्त्याकडेचा लोखंडी कठडा घ्या. मोटार त्याला घासत थांबते, आतली माणसं वाचतात. दुचाकीस्वार मात्र घसरत जाऊन त्या कठड्याच्या खांबावर आदळतो, आणि त्या खांबांच्या कडा जीवघेण्या असतात. काही देशांत धोक्याच्या वळणांवर कठड्याच्या खालच्या मोकळ्या भागात आणखी एक सपाट पट्टी बसवतात, म्हणजे घसरणारा माणूस खांबापर्यंत पोचतच नाही. एवढासा बदल, पण तो करायचा तर आधी कोणाला तरी दुचाकीस्वार आठवायला हवा.

तुमच्या दुसऱ्या अपघाताबद्दल. त्या चौकात दुचाकींना थांबायला मोठ्या वाहनांच्या पुढे आखलेला चौकोन होता का? अनेक ठिकाणी थांबण्याची रेषा दोन टप्प्यांत आखतात. मोठी वाहनं मागच्या रेषेवर, दुचाकी आणि सायकली पुढच्या चौकोनात, म्हणजे चालकाच्या नजरेसमोर. आणि मोठ्या वाहनाच्या पुढच्या-मागच्या चाकांमधली मोकळी बाजू बंद करणारी आडवी चौकट, साइड गार्ड, ती होती का? बाजूला पडलेला माणूस चाकाखाली जाऊ नये एवढ्यासाठीच ती असते. कित्येक वाहनांवर ती वाकलेली किंवा काढून टाकलेली दिसते.

मलेशियाने तर १९७० च्या दशकातच एका मोठ्या महामार्गालगत दुचाकींसाठी पूर्ण वेगळी मार्गिका बांधली. जिथे दुचाकी प्रचंड संख्येने आहेत तिथे हा विचार करायलाच हवा.

जुनंखोड:

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. दुसऱ्या मुलाने सगळं घातलं होतं, तरी गेला. ज्याची भरली तो जातोच. मी उमेदीत हजारो किलोमीटर बिनहेल्मेट हिंडलो. हेल्मेटने बाजूचं दिसत नाही, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि पडलं तर मानेला झटका बसून उलट मान मोडते असं कायम ऐकत आलो आहे. प्रौढ माणसाने आपल्या डोक्याचं काय करावं हे त्याचं त्याला ठरवू द्या.

पानगळ:

जुनंखोड, मतभेदाचा आदर आहे, पण या आक्षेपांची तपासणी फार पूर्वी झालेली आहे.

कोक्रेन या संस्थेने जगभरातले अनेक अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वाराचा मृत्यूचा धोका हेल्मेटमुळे सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. ४२ म्हणजे १०० नव्हे, हे तुमचं म्हणणं बरोबर. चाकाखालून हेल्मेट वाचवत नाही. पण एका अपघातात ते उपयोगी पडलं नाही म्हणून बाकीच्यांतही ते निरुपयोगी ठरत नाही. मान मोडण्याची भीती त्या अभ्यासांत सिद्ध झालेली नाही.

या सगळ्याची सुरुवात कशी झाली ते मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा लांबण लावतो. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेला अधिकारी, दुचाकीवरून जात होता. समोर सायकलवरची दोन मुलं आली, त्यांना चुकवताना तो फेकला गेला. हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी तो वारला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूशल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे युद्धकाळात सैन्यात दुचाकीवरून निरोप पोचवणारे जवान मोठ्या संख्येने डोक्याला मार लागून मरत होते. केर्न्सनी त्या अपघातांच्या नोंदी तपासल्या आणि १९४१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेल्मेटच्या उपयोगावर लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य स्वारांसाठी ब्रिटनमध्ये कायदा यायला १९७३ उजाडलं. केर्न्स तोवर हयात नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने मात्र १९६१ मध्येच तो केला होता.

आडवाटना जे हवं आहे ते केर्न्सनी केलं असं मला वाटतं. लॉरेन्सच्या अपघातात चूक मुलांची की त्याची, यात ते अडकले नाहीत. डोकं कसं वाचेल हे त्यांनी विचारलं.

जुनंखोड:

लॉरेन्सची माहिती नव्हती. मानेच्या बाबतीत माझा शब्द मागे घेतो. सक्तीबद्दल माझं मत अजून तेच आहे.

पानगळ:

सक्तीबद्दल एवढंच सांगतो. व्हिएतनाममध्ये १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर चालकाला आणि मागे बसणाऱ्याला हेल्मेट बंधनकारक झालं. तिथे बहुतेक माणसं दुचाकीवरच फिरतात. थोड्याच काळात वापर ९० टक्क्यांच्या वर गेला, आणि रुग्णालयांत डोक्याला मार लागून येणाऱ्यांचं प्रमाण घटलं. आधीही तिथे लोकांना हेल्मेटचे फायदे माहीत होतेच. नुसत्या माहितीने ते डोक्यावर चढलं नव्हतं.

पहिलागियर:

दुचाकी प्रशिक्षक. पहिल्या अपघाताबद्दल बोलतो, कारण तो टाळता येण्याजोगा प्रकार आहे आणि शिकवताना सगळ्यांत कमी वेळ त्यालाच दिला जातो.

आधी “मला दिसलाच नाही” बद्दल. तो चालक खोटं बोलत नसण्याची शक्यता खूप आहे. समोरून सरळ आपल्याकडे येणारी वस्तू आडवी सरकत नाही, तिचा फक्त आकार वाढतो, आणि दुचाकीचा आकार मुळात लहान असल्यामुळे ती वाढ शेवटच्या क्षणापर्यंत जाणवत नाही. शिवाय लहान वस्तू लांब आहे, सावकाश येते आहे, असा अंदाज डोळा काढतो. हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. त्यात मोटारीच्या पुढच्या काचेलगतचा खांब एक आख्खी दुचाकी सहज झाकतो. म्हणून फाटा दिसला की मी विद्यार्थ्यांना सांगतो, आपल्या मार्गिकेतली जागा थोडी बदला, म्हणजे तुम्ही त्या नजरेत हललेले दिसाल. वेग जरा उतरवा, बोटं ब्रेकवर आणा. आणि चालकाच्या डोळ्यांकडे बघू नका, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. तो तुमच्याकडे बघत असूनही तुम्हाला न बघता वळू शकतो. चाक फिरलं की मात्र गाडी वळणारच.

आता वेग. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. धोका लक्षात येऊन ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरा, त्यात २५ मीटर संपले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक मारला तर पुढे आणखी २० मीटर. एकूण ४५ मीटरमध्ये तुम्ही थांबता. आता हाच स्वार ताशी ८० ने येत असता तर? दीड सेकंदात ३३ मीटर जातात. उरलेल्या १२ मीटरमध्ये तो किती कमी करणार? ६० वाला जिथे पूर्ण थांबला, तिथून ८० वाला अजून ताशी ६५ च्या आसपास वेगाने पुढे जात असतो. हे गणित फळ्यावर मांडलं की वर्गात कोणी बोलत नाही. आणि ताशी ६० ने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून खाली पडणं.

तुम्ही लिहिलंत, मागचं चाक फरफटलं. यावरून वाटतं की जोर मागच्या ब्रेकवर गेला असावा. ब्रेक लावला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि लगेच अडकून घसरतं. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. पण ‘पुढचा दाबलास तर तोंडावर पडशील’ हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तो न वापरायची सवय लागते. मोकळ्या जागेत, कमी वेगापासून, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा सराव करावा लागतो. झटका द्यायचा नाही, पिळत न्यायचा. एबीएस असेल तर चाक अडकत नाही आणि घाबरलेल्या माणसालाही सरळ थांबता येतं. युरोपीय संघाने २०१६ पासून टप्प्याटप्प्याने १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं केलं, ते योग्यच झालं.

हर्ट अहवालातली आणखी एक गोष्ट. अपघातात सापडलेल्या स्वारांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच, नाहीतर घरच्यांकडून किंवा मित्रांकडून चालवायला शिकलेले होते.

मधली:

इतकं सगळं वाचून मग लिहायचं ठरवलं. माझा धाकटा भाऊ दुचाकी अपघातात गेला. तुम्ही सगळे ज्या शांतपणे चाकं, अंतर, ब्रेक यांबद्दल लिहिता ते वाचताना मध्येच थांबावं लागलं. पण रागावून लिहीत नाही.

आम्हाला तो गेल्याचं कळलं तेव्हा त्यासोबत एकच वाक्य आलं, ‘फार वेगात होता म्हणे.’ कोण म्हणे, ते कोणालाच माहीत नव्हतं. रस्त्यावर पुष्कळ माणसं होती, जबाब द्यायला कोणी थांबलं नाही. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण तेच वाक्य घेऊन यायचा. आई ते ऐकायची आणि आत निघून जायची. तिने त्याला ती गाडी घ्यायला परवानगी दिली होती.

बऱ्याच काळाने एक बाई शोधत आल्या. त्या तिथे रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की तो सावकाशच येत होता. पुढच्या वाहनातून रस्त्यावर काहीतरी पडलं, ते चुकवायला गेला. आणि मग त्या त्याच्याजवळ खाली बसल्या होत्या, त्याच्याशी बोलत होत्या, तो एकटा नव्हता. त्या आधी का आल्या नाहीत हे मी विचारलं नाही. भीती वाटली असेल.

आडवाट, तुमचा प्रश्न मला पटला. पण तुम्ही जे पाहिलं ते त्या दोन घरांपर्यंत पोचलं का? पहिला वेगात नव्हता हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या घरच्यांना माहीत आहे का?

आडवाट:

मधली, नाही. पहिल्याच्या घरी पोचलेलं नाही, आणि दुसऱ्याच्याही नाही. तुमच्या प्रश्नाने मला कामाला लावलं आहे. याबद्दल खाली पुन्हा लिहितो.

सावली:

मी समुपदेशक आहे. इथे लिहिणाऱ्यांपैकी ज्यांनी मृत्यू प्रत्यक्ष पाहिला त्यांच्यासाठी थोडं.

तो क्षण मनात आपोआप उमटणं, आवाज पुन्हा ऐकू येणं, त्या रस्त्याने जावंसं न वाटणं, झोप तुटणं, हे पहिले काही आठवडे बहुतेकांना होतं आणि ओसरत जातं. महिना उलटून गेल्यावरही तितकंच तीव्र असेल, काम किंवा झोप बिघडवत असेल, तर मदत घ्यावी. त्यासाठीचे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. उलट, घटना घडल्या-घडल्या कोणाला बसवून ‘सगळं तपशीलवार सांग, मोकळा हो’ असा आग्रह धरू नये. एकाच बैठकीत सगळं बोलून घेण्याच्या पद्धतीने पुढचा त्रास टळत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. त्याला बोलायचं असेल तेव्हा ऐका. पाणी द्या, घरी पोचवा, जवळ थांबा.

एक वेगळा प्रयोग सांगते. ऑक्सफर्डमध्ये वाहन अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ७१ जणांवर तो झाला. त्यांतल्या एका गटाला अपघातानंतर सहा तासांच्या आत, घटना थोडक्यात आठवायला लावून, टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ काही वेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्या गटाला अपघाताची नकोशी दृश्यं बरीच कमी वेळा आठवली. कल्पना अशी की दृश्य मनात पक्कं होत असतानाच डोळ्यांसमोरच्या दुसऱ्या कामाने ती जागा व्यापली जाते. हा उपचाराला पर्याय नाही. पण अपघात पाहून आलेला माणूस फोनवर ठोकळे रचत बसला तर त्याला निर्दय म्हणू नका.

आणि साक्षीबद्दल. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना वाहनांच्या टकरीची चित्रफीत दाखवून वेग विचारला. गाड्या ‘जोरात आदळल्या तेव्हा’ असं विचारलं तर लोकांनी वेग जास्त सांगितला, नुसतं ‘धडकल्या तेव्हा’ विचारलं तर कमी. ‘आदळल्या’ ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना आठवड्यानंतर फुटलेल्या काचाही आठवल्या. चित्रफितीत काचा नव्हत्या. ‘वेगात होता म्हणे’ हे वाक्य रस्त्यावरच्या गर्दीत कसं तयार होतं, हे यावरून कळेल.

रोजचाप्रवासी:

दोन शंका. अपघातस्थळी आपण नेमकं काय करावं? आणि मदत केली किंवा साक्ष दिली तर आपणच अडकतो, ही भीती कितपत खरी?

निशिगंध:

पहिलीचं उत्तर मी देते.

आधी मागची वाहतूक थांबवा. मदतीला धावलेला माणूस दुसऱ्या वाहनाखाली गेलेला मी पाहिला आहे. दिवे लावा, कोणाला तरी लांब उभं करून हात दाखवायला लावा. एकाच व्यक्तीकडे बोट दाखवून सांगा, ‘तुम्ही रुग्णवाहिका बोलवा’. सगळ्यांना मिळून सांगितलं तर कोणीच फोन करत नाही.

श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नका, पुढची काच वर करा आणि मान हलू देऊ नका. श्वास बंद असेल किंवा तोंडात रक्त-उलटी अडकली असेल तर मात्र काढावं लागतं, आणि ते दोघांनी करायचं. एकाने मान आणि जबडा दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून किंवा कापून, हेल्मेटच्या कडा फाकवून ते सावकाश सरळ काढायचं. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दाब द्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. रक्त वाहत असेल तिथे कापड दाबून धरा आणि सारखं उचलून बघू नका. अंगावर काहीतरी पांघरा. पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामं असलेलं बरं. हातपाय धरून उचलून मोटारीच्या मागच्या सीटवर कोंबू नका. आग किंवा आणखी टक्कर होण्याचा धोका असेल तरच हलवा.

पानगळ:

दुसरीचं. जगात बऱ्याच ठिकाणी मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. स्वतःहून साक्षीदार होणं हा वेगळा निर्णय, तो तुमचा.

आडवाट:

मी जबाब लिहून काढला. इतरांशी पुन्हा बोलण्याआधी एकट्याने लिहिला, सावलींनी सांगितलेलं डोक्यात ठेवून. पहिल्या अपघाताचं स्पष्ट लिहिलं आहे की माझ्या वाहनाचा वेग काय होता आणि त्याचं-माझं अंतर बराच वेळ बदललं नव्हतं. मोटारीने वळताना दिशादर्शक दिवा लावला होता की नाही, हे मला आठवत नाही, तसंच लिहिलं. दुसऱ्यात ट्रेलरला साइड गार्ड होता का, तेही मी पाहिलेलं नाही. चौकात पुढचा आखलेला चौकोन नव्हता, याची मात्र खात्री करून आलो. दोन्ही जबाब तपास अधिकाऱ्यांकडे देतो आहे, आणि कुटुंबांची तयारी असेल तर त्यांना भेटायचं आहे, असा निरोपही त्यांच्याकडेच ठेवतो आहे.

मधली:

भेटलात तर आधी वेगाचं सांगा. बाकीचं त्यांनी विचारलं तरच.

चाकोरी:

जबाब देताय ते उत्तम. पण रस्त्याबद्दलचा अर्ज त्यापासून वेगळा करा. जबाबातला रस्त्याचा तपशील तपासाच्या कागदांत राहतो, रस्ता सांभाळणाऱ्या विभागापर्यंत पोचेलच असं नाही. त्या अर्जात जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा किंवा दिव्याच्या खांबाचा क्रमांक घाला. दिवसा आणि रात्री असे दोन्ही वेळचे फोटो जोडा, शक्यतो चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. मागणी नेमकी असू द्या. ‘चौक सुरक्षित करा’ एवढंच लिहिलं तर अर्ज नुसता फिरत राहतो. त्याऐवजी लिहा की थांबण्याची रेषा मागे घ्यावी, पुढे दुचाकींचा चौकोन आखावा, आणि डाव्या वळणाचा कठडा जिथे फट तयार करतो तिथे त्याची जागा बदलावी. पोच घ्या. आराखडा काढताना मदत लागली तर मला मोजमापं पाठवा, मी रेखाटून देतो.